करण आणि कर्ता

खंडेनवमीला महाराष्ट्रातल्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथ पुसून लख्ख केला जातो, बेडवर हळद-कुंकू वाहिलं जातं, चकला झेंडूची माळ पडते, फिटरच्या कानशी आणि हातोड्या पाटावर मांडल्या जातात. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत गेलं तरी हे दृश्य सारखंच. बदलले आहेत ते पूजेचे मानकरी. आता सीएनसीच्या कंट्रोलरला कुंकू लागतं, वेल्डिंगच्या रोबोला हार घातला जातो, ऑफिसातल्या लॅपटॉपवर फूल ठेवलं जातं. माळ लाल स्टॉप बटणाच्या आड येत नाही ना, एवढं सुपरवायझरने पाहिलं की झालं.

या पूजेमागे एक जुनी समजूत आहे. काम एकट्या माणसाच्या हातून होत नाही, अवजाराचाही त्यात वाटा असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायाने ही समजूत रीतसर मांडली. कुठल्याही कर्माला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करणं (म्हणजे साधनं), निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. या पाचांमध्ये जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याची समज अपुरी, असा तिथे निर्वाळा आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली हा भाग मराठीत ऐसपैस उलगडून दाखवला. जुन्या भाष्यकारांच्या लेखी अधिष्ठान म्हणजे देह आणि करणं म्हणजे इंद्रियं. पण कारखान्यात उभं राहून वाचलं तर करणांची यादी लांबत जाते: हातानंतर कानस, कानशीनंतर लेथ, लेथनंतर कंट्रोलर.

इथवर गोंधळ नाही. कानस काही ठरवत नाही, लेथही नाही. कॅमेऱ्याने जॉब न्याहाळणारी आणि शिकवलेल्या मॉडेलच्या जोरावर ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणणारी यंत्रणा लाइनवर आली, की मात्र करणाच्या अंगात कर्ता येतो. माल कुणी नापास केला? ऑपरेटरने नाही, तो शेजारी उभा होता. मॉडेल तयार करणाऱ्याने नाही, त्याने हा जॉब कधी पाहिलाही नाही. मालकाने तर नाहीच.

हे काही दूरच्या भविष्यातलं नाही. आयटीआयमध्ये 1950 पासून चालत आलेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत फिटर, टर्नर, वेल्डर, कोपा (संगणक ऑपरेटर) यांच्या पंगतीला आता स्मार्ट शेतीसाठीचा आयओटी टेक्निशियन आणि थ्रीडी प्रिंटिंगचा टेक्निशियन हे ट्रेड येऊन बसले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग शाळेतच सुरू करायचं म्हटलं आहे. भारतात 19 ते 24 वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी कामकऱ्यांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालं, दक्षिण कोरियात हाच आकडा 96 टक्के, असा जुन्या पंचवार्षिक योजनेचा हवालाही त्यात दिला आहे. त्याच धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांची आठवण काढून गायन-चित्रकलेच्या रांगेत सुतारकाम बसवलं, हे विशेष. पण चर्चा सुरू झाली की ती तासांवर, प्रमाणपत्रांवर आणि कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर येऊन थांबते. या ट्रेडच्या वर्गातून बाहेर पडणारा मुलगा कर्ता होऊन बाहेर पडेल की आणखी एक करण होऊन, हे कुणी विचारत नाही. गीता वाचलेल्या समाजाने तरी हा प्रश्न विचारायला हरकत नव्हती.

‘सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय’ हे वाक्य बँकेत, रेशनच्या दुकानात, इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीवर ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. ते बोलणारा उद्धट असतोच असं नाही. पुष्कळदा तो खरंच हतबल असतो. त्याला स्क्रीनवर काय दिसतं ते माहीत असतं, ते तसं का दिसतं ते माहीत नसतं, आणि दिसतंय ते चूक आहे असं म्हणायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. अकराव्या अध्यायात अर्जुनाला ‘तू निमित्तमात्र हो’ असं सांगितलं आहे. त्याची ही आजची आवृत्ती म्हणायची, फक्त कृष्णाच्या जागी सर्व्हर.

ही थट्टा सोडली तर प्रश्न गंभीर आहे. कर्तेपणाचा अहंकार सोडावा, हे भारतीय परंपरेने शेकडो वर्षं शिकवलं. आता यंत्रांनी कर्तेपणाची जबाबदारी सोडायची सोय करून दिली आहे. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात, म्हणूनच त्या वेगळ्या ओळखता येणं हा तंत्रशिक्षणाचाच भाग व्हायला हवा.

जबाबदारी सुटली की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण जगभर अभ्यासलं जातं. थेरॅक-25 हे कॅनडातल्या सरकारी कंपनीचं कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. आधीच्या नमुन्यात चुकीचा डोस जाऊ नये म्हणून यांत्रिक अडसर होते. नव्यात ते काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवलं गेलं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना कित्येक पटींनी जास्त किरण बसले आणि त्यांतले काही दगावले. यंत्र अधूनमधून ‘मालफंक्शन 54’ अशासारखे संदेश दाखवी. त्यांचा अर्थ मार्गदर्शिकेत धड सांगितलेला नव्हता. असे संदेश दिवसातून अनेकदा येत, म्हणून ऑपरेटर एक कळ दाबून पुढे जायला सरावले होते. जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं कंपनी सांगत राहिली.

चूक शोधली ती टेक्सासमधल्या टायलरच्या इस्पितळातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि तिथल्या ऑपरेटर बाईंनी. त्या बाईंचा हात कीबोर्डवर चांगला बसला होता. उपचाराचा प्रकार आधी चुकीचा टाइप करून त्यांनी तो झटक्यात दुरुस्त केला होता, आणि आठ सेकंदांच्या आत झालेली ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. दोघांनी तीच कृती पुन्हा पुन्हा करून तो संदेश हवा तेव्हा उमटवून दाखवला. कंपनीच्या तज्ज्ञांना जे जमलं नव्हतं ते यंत्रावर रोज काम करणाऱ्या हातांनी केलं. एरवी हीच बाई निव्वळ बटण दाबणारी म्हणून हिशेबात धरली गेली असती.

ब्रिटनच्या टपाल खात्याची कहाणी याहून लांबली. 1999 पासून तिथल्या शाखांत बसवलेल्या होरायझन या हिशेबाच्या प्रणालीत नसलेली तूट दिसू लागली, आणि त्या तुटीसाठी शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरंदारं गेली. उलट पुरावा समोर येत नाही तोवर संगणक बरोबर चालतो असंच धरून चालण्याची तिथल्या न्यायालयांची रीत होती. दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा यायला 2024 उजाडलं. इथे कर्ता कोण हा प्रश्न कुणा तत्त्वज्ञाच्या फुरसतीचा उरला नव्हता. त्याचं चुकीचं उत्तर देऊन माणसं तुरुंगात टाकली गेली.

आपल्याकडे तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. चिखल तुडवताना विठ्ठलनामात रंगलेल्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचं तान्हं मूल येतं आणि त्यांना कळतही नाही. कीर्तनकार ही कथा तल्लीनतेची परिसीमा म्हणून सांगतात, आणि पुढे विठ्ठलकृपेने मूल परत येतं म्हणून श्रोते ती ऐकू शकतात. वर्कशॉपमध्ये सुरक्षेचा पाठ घेणाऱ्या शिल्प निदेशकाला मात्र तीच कथा वेगळी ऐकू येईल. लयीत गेलेला पाय, चिखलात काय आलं हे न पाहणारे डोळे. यात भक्तीवर आक्षेप नाही. पण कर्तेपण विसरणं आणि कर्मावरचं लक्ष विसरणं या दोन गोष्टी, आणि संतांची थोरवी पहिलीत आहे, एवढं तरी त्या कथेजवळ थांबून बोलता येतं. सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात विठ्ठल पाहिला तो भाजीकडे दुर्लक्ष करून नव्हे.

खरगपूरच्या आयआयटीने, म्हणजे देशातल्या पहिल्या आयआयटीने, कर्मातल्या कौशल्याला योग म्हणणारा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तुकडा ब्रीद म्हणून घेतला आहे. कौशल्यविकासाच्या प्रत्येक भाषणात तो हमखास येतो, आणि बहुतेकदा ‘काम सफाईने करा’ एवढ्याच अर्थाने. शंकराचार्यांनी तो वेगळा लावला: कर्म मुळात बांधणारं असतं, समबुद्धी राखून त्याचं बांधणं काढून घेणं हे खरं कसब. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याच श्लोकावर कर्मयोगाची उभारणी केली आणि कर्म सोडण्यापेक्षा ते करण्याची युक्ती महत्त्वाची मानली. दोघांचं एरवी जमत नाही. पण दोघांच्याही लेखी ते कसब करणाऱ्याच्या बुद्धीत आहे, अवजाराच्या वेगात नाही. स्पिंडल मिनिटाला दहा हजार फेरे घेतो, यात योग कुणाचाच नाही.

आता दुसरी बाजू. हे सगळं पोट भरलेल्यांचं बोलणं आहे, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही. आयटीआयला येणारा मुलगा आत्मज्ञानासाठी येत नाही, पगारासाठी येतो. शिक्षण जगण्याच्या उपयोगी पडलं पाहिजे, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे ठासून मांडलं होतं आणि प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. कर्ता-करणाचं विवेचन करणाऱ्या त्याच अठराव्या अध्यायात पुढे चार वर्णांची कामं स्वभावानुसार वाटून दिली आहेत. परक्याचं काम कितीही चांगलं जमलं तरी आपलं उणं असलेलं काम बरं, असंही तिथे म्हटलं आहे. ज्याच्या बापजाद्यांना कानस धरायला मनाई नव्हती पण पोथी धरायला होती, त्याने हा अध्याय जपूनच वाचावा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. उद्योग सतत बदलतो, माणसाला धंदा बदलता आला पाहिजे, आणि जात तो बदलू देत नाही म्हणून बेकारी वाढते, हा त्यांचा युक्तिवाद. आज ज्याला ‘रीस्किलिंग’ म्हणतात त्याची सर्वांत कणखर बाजू ती. पुढे यंत्रांबद्दल गांधींशी वाद घालताना त्यांनी म्हटलं की यंत्र माणसाला फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही.

सीएनसी प्रोग्रॅमिंगला जात नाही. रोबोच्या पेंडंटला कुणाच्या घराण्याचा वारसा नाही. नव्या तंत्रज्ञानाचं हे मोठं पुण्य आहे, आणि जुन्या हस्तकौशल्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांच्या ते सहसा लक्षात येत नाही.

आंबेडकरांनी ज्या धम्माची वाट धरली त्यात उपजीविकेला थेट साधनेत जागा आहे. अष्टांगिक मार्गातलं एक अंग सम्यक आजीविका. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असं बुद्धवचन पाली ग्रंथांत आहे. शिवाय बुद्धाने कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूत ठेवलं. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या वर्गाला ही चौकट फार कामाची आहे. कुठली चूक कुठल्या ओळीत आहे हे तर विचाराच, पण हे कशासाठी बनतंय आणि कुणावर लागणार आहे, हेही त्याच तासाला विचारता येतं.

काम आणि ज्ञान जोडण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आणि तो पुरता यशस्वी झाला नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. हस्तोद्योग हा एक विषय म्हणून शिकवायचा नाही, त्याच्याच द्वारे बाकीचे विषय शिकवायचे. टकळीवर सूत काढता काढता गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल, कापडाच्या निमित्ताने इंग्रजी राजवटीचा इतिहास. शाळेने आपला खर्च मुलांच्या उत्पादनातून काढावा, ही गांधींची अपेक्षा मात्र परिषदेतच अडली. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी तिला विरोध केला. योजना तपशिलात आणणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेही अहवालात इशारा दिला की पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षणाची बाजू मरेल आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागतील. टकळीच्या जागी आजची इंटर्नशिप ठेवून तो इशारा वाचावा. एक अक्षर बदलावं लागणार नाही.

टकळी आज कुणी परत आणणार नाही, आणू नये. गांधी स्वतः सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून सूट देत असत. पण टकळीचा एक गुण नव्या साधनांत मुद्दाम घालावा लागतो: ती उघडी असते. धागा का तुटला ते मुलाला दिसतं. फिटरच्या ट्रेडला पहिल्या महिन्यांत माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासून सपाट आणि काटकोनात आणायला लावतात ते याच कारणासाठी. ट्रायस्क्वेअर लावून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून येणारा प्रकाश खोटं बोलत नाही. मुलं कंटाळतात, हाताला फोड येतात, आणि ‘सीएनसीच्या जमान्यात हे कशाला’ असं पालकही विचारतात. सपाट पृष्ठभाग म्हणजे काय हे हाताला कळलं नसेल तर कंट्रोलरवरच्या आकड्यावर शंका घ्यायला आधार कुठला, एवढंच त्याचं उत्तर.

जुनं हस्तकौशल्य आणि नवं डिजिटल तंत्र एकाच छपराखाली नांदताना पाहायचं तर शिरूर तालुक्यातलं पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर राहिलेले शास्त्रज्ञ. 1983 मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेत टिकू न शकलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, स्वयंपाक-आरोग्य असं सगळं करत करत शिकत. आश्रमाचे घुमटाकार डोम आणि जीपचे भाग वापरून केलेला छोटा ट्रॅक्टर ही त्या शिक्षणाची फळं. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅब अमेरिकेबाहेर सुरुवातीलाच जिथे पोचली त्या जागांत पाबळ होतं. लेझर कटर आणि सर्किट बनवण्याची यंत्रं गावात आली ती दूध, डिझेल इंजिन अशा गावाच्याच अडचणींवर मोजमापाची साधनं शोधायला.

पाबळच्या पद्धतीतली महत्त्वाची गोष्ट यंत्रांच्या यादीत सापडत नाही. मुलांनी केलेलं काम गावाच्या वापरात जातं. वेल्डिंग कच्चं निघालं तर ज्याचं फाटक आहे तो माणूस दारात येऊन उभा राहतो. मार्कांपेक्षा तो जास्त शिकवतो. कलबाग 2003 मध्ये गेले. त्यांच्या अभ्यासक्रमावर आधारलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. मात्र दारात येऊन उभा राहणारा माणूस प्रत्येक शाळेला मिळाला असेल असं समजायचं कारण नाही.

चूक दिसली तर काम थांबवण्याचा अधिकार काम करणाऱ्याला देणं मोठ्या उद्योगाला परवडत नाही, हा समज तर टोयोटाने कधीच खोडला आहे. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. त्याच विचारातून पुढे मोटारींच्या लाइनवर दोरी आली: काही खटकलं तर साध्या कामगाराने ती ओढावी आणि गरज पडली तर लाइन थांबावी. जगातल्या सर्वांत काटेकोर कारखान्यांनी शंका घेण्याचा हक्क सगळ्यांत खालच्या पायरीवर नेऊन ठेवला, आणि तो धर्मादाय म्हणून नव्हे, माल खराब निघू नये म्हणून.

आता पगाराच्या त्या आक्षेपाकडे परत. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातो तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न कुठल्याही मुलाखतीतला वाटावा: आतापर्यंत काय काय येतं ते सांग. नारद लांबलचक बायोडेटा सादर करतो. चारी वेद, इतिहास-पुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. आणि शेवटी सांगतो की एवढं येऊनही शोक सुटला नाही. सनत्कुमार त्यातलं काहीच टाकून द्यायला सांगत नाहीत. ही सगळी नावं आहेत, म्हणतात, इथून वर चढू. मग वाणी, मन, संकल्प करत करत बल, अन्न, पाणी याही पायऱ्या येतात. ज्ञानाच्या त्या वाटेवर अन्नाला जागा आहे, हे पगार आणि परमार्थ यांना एकमेकांचे वैरी ठरवणाऱ्या दोन्ही पक्षांनी पाहावं.

आपल्या कायद्यात कर्त्याची जागा कुठे आहे हेही पाहण्यासारखं आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा अठराव्या कलमात म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्याला इजा झाली तर भरपाई आहे, कारखान्यातल्या सुरक्षेच्या तरतुदीही लागू आहेत. पण यंत्रासमोर उभा असलेला, हात काळे झालेला तो मुलगा कामगार म्हणून कर्ता नाही. त्याने शंका काढली तर ती कुठल्या वहीत लिहायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे बदलायला नवा विषय लागत नाही, नीतिमूल्यांचा वेगळा तास तर मुळीच नको. तो पहिल्याच आठवड्यात रटाळ होईल. प्रात्यक्षिक परीक्षेत एक जॉब असा ठेवावा जो कॅमेऱ्याने पास केला आहे पण माप तपासणाऱ्या गो-नोगो गेजमध्ये बसत नाही. उमेदवाराने काम थांबवून कारण लिहिलं तर गुण, पुढे ढकलला तर शून्य. त्यासाठी निदेशकाला त्या यंत्रणेच्या आत डोकावता आलं पाहिजे: मॉडेलला कुठले नमुने दाखवले, मर्यादा किती ठेवली, ती बदलायची मुभा कुणाला. विकत घेतलेल्या यंत्रांत हे भाग पुष्कळदा कुलूपबंद असतात आणि किल्ली विकणाऱ्याकडे राहते. म्हणजे कर्ता-करणाचा हा जुना वाद आता संस्थेच्या खरेदी समितीपुढे जातो. शिकवण्यासाठी घेतलेलं यंत्र शिकणाऱ्याला उघडून पाहता येईल, अशी एक अट तिने निविदेत घालायची की नाही, एवढं ठरवायचं आहे.